न्यू सेलमचा बंधारा, एप्रिल 1831: एका फ्लॅटबोटीचं प्रकरण

एप्रिल 1831 चे शेवटचे दिवस. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातली सँगमन ही छोटी नदी. न्यू सेलम नावाच्या टेकडीवरच्या खेड्याखाली, पाणचक्कीच्या बंधाऱ्यावर एक मालाने भरलेली सपाट तळाची नाव अडकून बसली होती. तिचं पुढचं टोक बंधारा ओलांडून हवेत आलं होतं, मागची बाजू वरच्या अंगाला पाण्यात दबली होती आणि तिथून नावेत पाणी शिरत होतं. आत खारवलेल्या डुकराच्या मांसाची पिंपं, मका आणि जिवंत डुकरं. नावेवरच्या मजुरांमधला एक उंच, हडकुळा, 22 वर्षांचा तरुण म्हणजे अब्राहम लिंकन.

चरित्रांमध्ये हा प्रसंग बहुधा एका परिच्छेदात उरकतात. पोरगा चतुर, त्याने भोक पाडून पाणी काढलं, काठावरच्यांनी तोंडात बोटं घातली, संपलं. मला तो नदीवाहतुकीचं प्रकरण म्हणून जास्त मोलाचा वाटतो. फ्लॅटबोटीचा धंदा कशाच्या जोरावर चालायचा आणि कुठे अडायचा, हे त्या बंधाऱ्यावर उघडं पडतं. शिवाय नदी कोणाची, तिच्यातून माल नेणाऱ्याची की ती अडवून दळण दळणाऱ्याची, हा वाद इथे सुरू होतो आणि लिंकनच्या आयुष्यात पुढची पंचवीस वर्षं निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो.

आधी पुराव्याबद्दल. या सफरीविषयी लिंकनने स्वतः लिहिलेले दोन मजकूर आहेत. एक मार्च 1832 मधलं मतदारांना उद्देशून लिहिलेलं निवेदन आणि दुसरा 1860 च्या निवडणुकीसाठी लिहून दिलेला आत्मचरित्रपर मजकूर. बाकीचे तपशील 1865 मध्ये त्याची हत्या झाल्यानंतर त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने जमवलेल्या आठवणींतून येतात. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांनी सांगितलेल्या गोष्टी. जिथे दोन्हींत फरक पडतो तिथे मी लिंकनच्या लेखणीवर विसंबलो आहे. बंधारा ओलांडल्याची तारीख अनेक ठिकाणी 19 एप्रिल दिलेली असते. तो स्वतः एप्रिलचे शेवटचे दिवस म्हणतो.

एकदाच वापरायची नाव

फ्लॅटबोट म्हणजे मोठी लाकडी पेटीच. तळ सपाट, बाजू उभ्या, टोकं जवळपास चौकोनी. बांधायची रीत अशी: एखादं मोठं झाड पाडून त्यातून दोन लांबलचक तुळया तासून काढायच्या. या बाजूच्या तुळया. त्यांना आडव्या तुळयांनी जोडून सांगाडा करायचा आणि नदीकाठी तो उलटा ठेवून तळाच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी ठोकायच्या. फटींमध्ये सणाचे पिंजलेले धागे ठासून वर डांबर. मग बऱ्याच माणसांच्या जोरावर ती पाण्यात सुलटी करायची. पुढे बाजूच्या फळ्या, थोडं छप्पर, आत चुलीची जागा. मागे एक लांबलचक वल्हं सुकाणूचं काम करी, दोन बाजूंना आणखी वल्ही असत. ती नाव पुढे ढकलायला फारशी उपयोगी नसत. मोठा उपयोग वळवायला आणि काठापासून किंवा बुंध्यांपासून दूर राहायला. पुढे नेणारी शक्ती एकच, नदीचा प्रवाह.

म्हणूनच ही नाव परत येत नसे. न्यू ऑर्लिन्सला माल विकला की नावही लाकडाच्या भावात विकायची. त्या शहरातल्या पदपथांना आणि कित्येक घरांच्या भिंतींना त्या काळी अशा मोडलेल्या नावांच्या फळ्या लागत. माणसं पूर्वी नॅचेझपासून नॅशव्हिलपर्यंतची सुमारे 440 मैलांची रानवाट तुडवत घरी जात. नदीवर 1811 पासून वाफेच्या बोटी आल्या, आणि पुढच्या वर्षांत भाडी उतरल्यावर नावाडी त्यांच्या डेकवर बसून परतू लागले. वाफेच्या बोटींनी फ्लॅटबोटी बुडवल्या असं सरसकट सांगितलं जातं, पण आधी झालं उलटंच. परतीचा प्रवास महिन्यांवरून दिवसांवर आला, त्यामुळे एकाच हंगामात माणूस पुन्हा नाव घेऊन निघू शकला. न्यू ऑर्लिन्सला पोचणाऱ्या फ्लॅटबोटींची संख्या सर्वांत मोठी झाली ती 1846-47 मध्ये. त्या वर्षी जवळपास 2,800 नावा आल्या होत्या.

ॲपलेशियन पर्वताच्या पश्चिमेला राहणाऱ्या शेतकऱ्याला दुसरा मार्गच नव्हता. मका आणि मांस बैलगाडीतून डोंगर ओलांडून पूर्वेला न्यायचं तर वाटखर्चच मालाच्या किमतीला भिडायचा. नदी मात्र फुकट वाहत होती. ओहायो, इलिनॉय, मिसिसिपी या मोठ्या नद्यांचं खालचं टोक एकच, न्यू ऑर्लिन्स. तिथे स्पेनची सत्ता असताना अमेरिकनांना माल उतरवायचा हक्क 1795 च्या तहाने मिळाला. 1802 मध्ये तो काढून घेतला गेला तेव्हा पश्चिमेकडचे शेतकरी खवळले आणि 1803 मध्ये अमेरिकेने दीड कोटी डॉलरला अख्खा लुइझियाना प्रदेशच फ्रान्सकडून विकत घेतला. त्या खरेदीमागे अनेक कारणं होती, पण या पेट्यांतून खाली जाणारं पीठ आणि मांस हे त्यातलं मोठं कारण होतं.

ऑफटचा बेत

डेंटन ऑफट हा व्यापारी बोलघेवडा होता, बेत मोठे करणारा. त्याने लिंकन, त्याचा सावत्रभाऊ जॉन जॉन्स्टन आणि आईकडचा नातेवाईक जॉन हँक्स यांना न्यू ऑर्लिन्सला माल न्यायला ठरवलं. बर्फ वितळलं की स्प्रिंगफिल्डला या, नाव तयार असेल, असं ठरलं होतं. त्या हिवाळ्यात इलिनॉयमध्ये इतकं बर्फ पडलं की पुढे जुनी माणसं वर्षं मोजताना त्या बर्फाचा दाखला देत. मार्चच्या सुरुवातीला वितळलेल्या बर्फाने सगळा मुलूख जलमय झाला आणि रस्त्याने जाणं अशक्य झालं. या तिघांनी एक मोठं कनू, म्हणजे अरुंद होडी, विकत घेतलं आणि सँगमनमधूनच ते खाली आले. स्प्रिंगफिल्डला पाहतात तो ऑफटला बिअर्ड्सटाउन या इलिनॉय नदीकाठच्या गावी नाव मिळालेलीच नव्हती.

मग त्याने तिघांना माणशी महिना 12 डॉलरवर नाव बांधायलाच लावलं. स्प्रिंगफिल्डच्या वायव्येला सात मैलांवर सँगमन टाउन इथे, झाडं तोडण्यापासून सगळं त्यांनी केलं. नावेचं माप सुमारे 80 फूट लांब आणि 18 फूट रुंद असं सांगितलं जातं.

याच ऑफटचा डुकरांचा किस्सा लिंकनने स्वतः लिहून ठेवला आहे. ऑफटने तिसेक मोठी, माजलेली डुकरं विकत घेतली, पण ती हाकता येईनात. तेव्हा त्यांचे डोळे शिवले तर ती हवी तिकडे नेता येतील, अशी कल्पना त्याच्या डोक्यात आली. लिंकनसकट सगळ्यांना त्या कामाला जुंपलं. डोळे शिवून झाले. डुकरं मात्र आंधळी झाल्यावर होती त्या आवारातून बाहेरच पडेनात. अखेर ती बांधून, गाडीत घालून नावेपर्यंत न्यावी लागली. वाचताना त्या मुक्या जनावरांची कणव येते. पण त्या व्यापारात विचार किती घाईत आणि किती कच्चा होत असे, तेही यातून कळतं.

बंधाऱ्यावर

इथे पाण्याची पातळी हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. सँगमनसारख्या उपनदीत फ्लॅटबोट जाते ती फक्त बर्फ वितळल्यानंतरच्या काही आठवड्यांत. मार्चमध्ये नदी फुगलेली होती, पण तेव्हा नाव बांधायला नुकती सुरुवात झाली होती. ती पाण्यात उतरेपर्यंत एप्रिल सरत आला. लिंकन 1832 च्या निवेदनात स्पष्ट लिहितो की आम्ही बंधारा ओलांडला तेव्हा पाणी फेब्रुवारीत हिवाळा फुटल्यापासून सर्वांत खाली होतं, आणि पुढचे कित्येक आठवडेही ते इतकं खाली गेलं नाही. ऑफटने नाव वेळेवर मिळवली असती तर हा बंधारा बहुधा पुराच्या पाण्याखालीच राहिला असता. माझ्या मते प्रकरणाचं मूळ कारण हेच आहे. बंधारा तिथेच होता. चुकला तो हंगाम.

बंधारा जेम्स रटलेज आणि जॉन कॅम्रन यांचा. 1829 मध्ये वसवलेलं न्यू सेलम त्या पाणचक्कीभोवतीच वाढलं. दळण आणि लाकूड कापणं दोन्ही तिथे चालायचं. आसपासच्या शेतकऱ्याला पीठ आणि फळ्या जवळ मिळणं ही त्या काळी फार मोठी सोय होती. म्हणजे नाव अडली ती कोणाच्या आडमुठेपणामुळे नव्हे. एका गावाच्या पोटापाण्याच्या सोयीवर दुसऱ्याच्या व्यापाराची सोय येऊन आदळली होती.

आता सुटका. आठवणींमध्ये बारकावे वेगवेगळे आहेत, पण गाभा एकच. मागच्या भागातला काही माल उतरवून दुसऱ्या एका नावेत आणि काठावर हलवला. उरलेली पिंपं पुढे लोटली. त्यामुळे पुढचं टोक खाली झुकलं आणि मागे साचलेलं पाणी आपोआप पुढे आलं. गावातल्या पिंपं बनवणाऱ्या कारागिराकडून, हेन्री ऑनस्टॉटकडून, गिरमिट मागून आणलं आणि हवेत असलेल्या पुढच्या भागाच्या तळाला भोक पाडलं. पाणी बाहेर पडलं. मग भोकात खुंटी ठोकली आणि नाव सरकवून पलीकडे सोडली.

तळाला भोक पाडणं ऐकायला वेडेपणाचं वाटतं, म्हणून थोडा हिशोब मांडतो. नावेचा तळ 80 गुणिले 18 म्हणजे 1,440 चौरस फूट. अशी नाव एक इंच वर उचलायची तर 120 घनफूट पाण्याइतकं वजन कमी व्हायला हवं, म्हणजे सुमारे 3,400 किलो. मांसाच्या एका पिंपात 200 पौंड, म्हणजे 90 किलो मांस. मीठ, खारं पाणी आणि लाकूड धरून पिंप सव्वाशे-दीडशे किलोचं. तेव्हा एका इंचासाठी पंचवीसेक पिंपं उतरवावी लागणार, तीही चिखलाच्या काठावर, हातांनी. आत शिरलेलं पाणी तळभर सरासरी एक इंच धरलं तरी त्याचंही वजन तितकंच. तीन इंच असेल तर दहा टन. बादल्यांनी उपसायचं तर पाणी मागून शिरतच राहणार. भोकाने हे दहा टन मजुरीशिवाय बाहेर पडतं. अट एकच: भोक पडेल ती जागा खालच्या पाण्याच्या वर असली पाहिजे, नाहीतर पाणी उलटं आत येईल. नावेला अडकवणारी गोष्ट, म्हणजे हवेत लोंबणारं टोक, हीच तिच्या सुटकेची जागा ठरली. लिंकनची खरी चमक गिरमिटात नाही. आधी पिंपं पुढे लोटून पाण्याला तिथवर आणण्यात आहे. क्रम उलटा झाला असता तर काहीच साधलं नसतं.

याच सफरीबद्दल तो पुढे लिहितो की नदी उतरताना मुख्य अडचण वाहून आलेल्या लाकडांची होती. बंधाऱ्याला तो अडचणींत धरतच नाही. आपल्याला रंगतदार वाटणारी गोष्ट त्याला तशी वाटली नाही, की तोवर तो त्याच चक्कीत काम करत होता म्हणून त्याने ती गाळली? मला दुसरं कारण जास्त पटतं.

माल कोणाच्या ताटात गेला

नाव इलिनॉय नदीतून मिसिसिपीत आणि तिथून न्यू ऑर्लिन्सला गेली. या व्यापाराचं वर्णन करताना शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचं गाणं गायलं जातं, पण खालच्या टोकाला गिऱ्हाईक कोण होतं हेही पाहायला हवं. लुइझियानातले ऊस आणि कापसाचे मळे आपली जमीन नगदी पिकाखाली ठेवत आणि गुलामांना पोसायला मका आणि खारवलेलं मांस उत्तरेकडून घेत. सँगमनच्या काठचं डुक्कर त्या व्यवस्थेचा भाग होतं. लिंकन 1828 मध्येही एकदा इंडियानातून ॲलन जेंट्रीबरोबर फ्लॅटबोट घेऊन खाली गेला होता. तेव्हा मळ्यांच्या पट्ट्यात थांबत थांबत व्यापार करताना एका रात्री सात कृष्णवर्णीयांनी त्यांच्यावर हल्ला केला. मारामारीत दोघांना लागलं, पण हल्लेखोरांना हुसकावून दोघे दोर कापून नावेसकट निसटले. हे त्याने स्वतःच लिहिलं आहे.

न्यू ऑर्लिन्सच्या गुलामबाजारात लिंकनने गुलामगिरीवर घाव घालायची प्रतिज्ञा केली, ही प्रसिद्ध गोष्ट जॉन हँक्सच्या तोंडची. पण लिंकनच्याच म्हणण्याप्रमाणे हँक्स त्या सफरीत सेंट लुईसवरूनच माघारी गेला होता. घरी बायको-मुलं होती आणि ठरल्यापेक्षा जास्त दिवस लागणार होते. जो तिथे नव्हताच त्याची साक्ष मी धरत नाही. लिंकनने त्या बाजारात काय पाहिलं असेल याची कल्पना करता येते. शब्द मात्र त्याच्या तोंडी घालू नयेत.

तोच बंधारा, पुन्हा

जुलै 1831 मध्ये लिंकन न्यू सेलमला परतला. ऑफट त्याच्यावर खूश होता. त्याने तिथे दुकान आणि चक्की चालवायला घेऊन लिंकनला कारकून नेमलं. म्हणजे नावाडी आता बंधाऱ्याच्या बाजूला आला. मार्च 1832 मध्ये, 23 व्या वर्षी, तो विधिमंडळासाठी उभा राहिला आणि त्याच्या निवेदनाचा मोठा भाग सँगमन नदी सुधारण्याबद्दल आहे. इलिनॉय नदीपासून स्प्रिंगफिल्डपर्यंतच्या रेल्वेचा अंदाजे खर्च 2,90,000 डॉलर. तो आकडा छातीत धडकी भरवणारा आहे, तेव्हा आपल्या ऐपतीला नदीच बरी, असं त्याचं म्हणणं. वाहून आलेली लाकडं काढा, खालच्या तीस-पस्तीस मैलांतली नागमोडी वळणं तोडा. त्यासाठी अख्खा कालवा खणायची गरज नाही. वरची गवताळ माती पुरेशा रुंदीने सोलून जुनं पात्र अडवलं की पाणी आपली वाट आपणच कोरून घेईल. बंधाऱ्यावर पाण्याकडूनच काम करून घेणारा माणूस इथेही ओळखू येतो.

त्याच महिन्यात सिनसिनाटीहून निघालेली टॅलिस्मन ही वाफेची बोट सँगमनमधून वर आली. लिंकन आणि इतर लोक कुऱ्हाडी घेऊन फांद्या तोडत तिला वाट करून देत होते. स्प्रिंगफिल्डजवळ जल्लोष झाला. पण आठवडाभरात पाणी उतरलं, नदीत बोट वळवायला जागा नाही, म्हणून ती उलटी उलटी मागे न्यावी लागली. तिच्या सुकाणूवर रोवन हर्नडन (वकील विल्यम हर्नडन नव्हे) आणि त्याच्या मदतीला लिंकन. न्यू सेलमला ती याच बंधाऱ्यापाशी अडली. या वेळी गिरमिट पुरणारं नव्हतं. बंधाऱ्याचा एक भाग तोडून बोट पार केली.

ऑगस्टमधली निवडणूक तो हरला, जरी न्यू सेलममधल्या सुमारे 300 मतांपैकी 277 मतं त्याला पडली. सँगमनमधून नियमित बोटी कधीच सुरू झाल्या नाहीत. दोनच मैलांवरचं पीटर्सबर्ग 1839 मध्ये जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि 1840 पर्यंत न्यू सेलम ओस पडलं.

भाते आणि पूल

10 मार्च 1849 रोजी, काँग्रेसमधली मुदत संपून सहा दिवस झाले असताना, लिंकनने पेटंटसाठी अर्ज केला. 22 मे रोजी त्याला पेटंट क्रमांक 6469 मिळालं. पेटंट नावावर असलेला अमेरिकेचा तो एकमेव राष्ट्राध्यक्ष. कल्पना अशी: बोटीच्या दोन्ही बाजूंना जलरोधक कापडाच्या भात्यासारख्या हवेच्या खोल्या बसवायच्या. एरवी त्या घडी घालून ठेवलेल्या. उथळ भाग आला की दांडे आणि दोऱ्यांनी खाली ताणायच्या, हवा भरेल आणि बोट वर उचलली जाईल. हेतू त्याने अर्जातच सांगितला आहे: माल न उतरवता उथळ पाणी पार करता यावं. 1831 मध्ये चिखलात उतरवलेली पिंपं या वाक्यामागे उभी आहेत असं मला वाटतं, जरी 1848 मध्ये परतीच्या प्रवासात पाहिलेली एक अडकलेली बोट हे तात्कालिक निमित्त विल्यम हर्नडनने सांगितलं आहे. त्याचा लाकडी नमुना आजही स्मिथसोनियन संस्थेत आहे.

यंत्र कधी बोटीवर बसलं नाही. एक अडचण उघड आहे: भाते, दांडे आणि दोऱ्यांचं वजन बोट कायम वाहणार, म्हणजे उथळ पाण्यासाठीचं साधनच तिला रोज थोडं अधिक बुडवणार.

शेवटचा टप्पा मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. 6 मे 1856 रोजी एफी ॲफ्टन ही बोट मिसिसिपीवरच्या रॉक आयलंडच्या रेल्वेपुलाच्या खांबावर आदळून जळाली. त्या नदीवर बांधलेला तो पहिला रेल्वेपूल. बोटमालकाने पुलाच्या कंपनीवर दावा लावला आणि सप्टेंबर 1857 मध्ये शिकागोत लिंकन पुलाच्या बाजूने उभा राहिला. खटल्यात त्याने प्रवाहाचा वेग, कोन, खांबांमधलं पाणी यांची चिरफाड केली. हे ज्ञान पुस्तकातलं नव्हतं. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यालाही उत्तर-दक्षिण जाणाऱ्याइतकाच हक्क आहे, हा त्याचा मुख्य मुद्दा. त्याने आकडे ठेवले: 8 सप्टेंबर 1856 ते 8 ऑगस्ट 1857 या काळात पुलावरून मालाचे 12,586 डबे आणि 74,179 प्रवासी गेले. आणि आदल्या हिवाळ्यात नदीतली वाहतूक चार महिन्यांना चार दिवस कमी इतका काळ बंद होती. सँगमनच्या बंधाऱ्यावर ज्याची नाव हंगाम हुकल्यामुळे अडली होती, त्यानेच न्यायालयात नदीचा हंगाम मोजून दाखवला.

ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि दावा तसाच सुटला. पूल पाडण्याबद्दलचा दुसरा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल पुलाच्या बाजूने लागला, तेव्हा लिंकन राष्ट्राध्यक्ष होता.